फाशी आणि प्रत्यर्पण: कोर्टात धाव शेवटच्या रात्रीच का?

प्रश्न असा आहे: फाशीची तारीख ठरली की आदल्या रात्रीच वकील कोर्टाचं दार का ठोठावतात? परदेशातल्या आरोपीला आणायचं म्हटलं की ऐन वेळी कुठली तरी याचिका कशी उभी राहते? खटला दहा-पंधरा वर्षं चालला, तेव्हा हे लोक काय करत होते? हा सरळसरळ वेळकाढूपणा नाही का? आणि उच्च न्यायालय अशा वेळी खरोखर काही करू शकतं का?

मी बरीच वर्षं उच्च न्यायालयात फौजदारी अपिलं चालवते आहे. त्यात फाशीची शिक्षा कायम करण्यासाठी येणारी प्रकरणं आहेत, ज्यांना आम्ही कन्फर्मेशन म्हणतो, आणि प्रत्यर्पणाच्या, म्हणजे आरोपीला एका देशातून दुसऱ्या देशाच्या ताब्यात देण्याच्या, काही रिट याचिकाही आहेत. रिट म्हणजे सरकारच्या कृतीविरुद्ध घटनेच्या आधाराने थेट वरच्या कोर्टात केलेली याचिका. बहुतेक वेळा मी कैद्याच्या बाजूने उभी राहिले आहे. तेव्हा माझं म्हणणं वाचताना एवढं लक्षात असू द्या.

उत्तराचा गाभा आधी सांगते. आदल्या रात्री कोर्टापुढे जो मुद्दा येतो, तो बहुतेकदा गेल्या काही आठवड्यांतच जन्माला आलेला असतो. दयेचा अर्ज फेटाळल्याचं पत्र हाती पडल्याशिवाय त्या फेटाळण्याला आव्हान देता येत नाही. वॉरंट निघाल्याशिवाय ते रद्द करा असं म्हणता येत नाही. आधी गेलं तर कोर्ट म्हणतं, अजून काही घडलंच नाही, अवेळी आलात. घडल्यावर गेलं तर लोक म्हणतात, आताच कसं सुचलं.

पायऱ्या थोडक्यात सांगते. सत्र न्यायालयाने फाशी दिली तरी ती लगेच अमलात येत नाही. उच्च न्यायालयाने ती कायम करावी लागते. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेत हे कलम ३६६ होतं, १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत ते ४०७ आहे. मग सर्वोच्च न्यायालयात अपील, त्यानंतर फेरविचार याचिका, मग क्युरेटिव्ह, म्हणजे फेरविचारही फेटाळल्यावर त्याच न्यायालयात करायची शेवटची याचिका. सप्टेंबर २०१४ मध्ये मोहम्मद आरिफ प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ठरवलं की फाशीच्या प्रकरणातली फेरविचार याचिका तीन न्यायमूर्तींपुढे खुल्या कोर्टात ऐकली पाहिजे. तोवर ती न्यायमूर्तींच्या दालनात, वकिलाचं तोंडी म्हणणं न ऐकताच निकाली निघायची. मग घटनेच्या कलम १६१ खाली राज्यपालांकडे आणि ७२ खाली राष्ट्रपतींकडे दयेचा अर्ज. हे सगळं संपलं की सत्र न्यायालय वॉरंट काढतं, ज्याला तुरुंगात सगळे डेथ वॉरंटच म्हणतात.

इथपर्यंत कैदी दोषी आहे की नाही, शिक्षा योग्य आहे की नाही, हे सगळं तपासून झालेलं असतं. शेवटच्या टप्प्यात उच्च न्यायालयात घटनेच्या कलम २२६ खाली जी रिट जाते, तिच्यात वेगळी गोष्ट विचारलेली असते: निकाल लागल्यापासून आजपर्यंत सरकार, तुरुंग आणि कोर्ट आपापल्या कामाला चुकले का? हा प्रश्न समजला नाही तर आदल्या रात्रीची सगळी धावपळ निव्वळ नाटक वाटते.

पुण्याचं उदाहरण घ्या. २००७ मध्ये रात्रपाळीला निघालेल्या बीपीओतल्या तरुणीवर तिला न्यायला आलेल्या गाडीच्या चालकाने आणि त्याच्या साथीदाराने बलात्कार केला आणि तिचा खून केला. दोघांना फाशी झाली, उच्च न्यायालयाने ती कायम केली, मे २०१५ मध्ये सर्वोच्च न्यायालयातलं अपील फेटाळलं गेलं. राष्ट्रपतींनी दयेचा अर्ज मे २०१७ मध्ये नाकारला. त्यानंतर खरं तर काहीच बाकी नव्हतं. वॉरंट निघालं ते एप्रिल २०१९ मध्ये, आणि फाशीची तारीख पडली २४ जून २०१९. जवळजवळ दोन वर्षं तुरुंग, गृहखातं आणि सत्र न्यायालय यांच्यात कागद पडून राहिले. २१ जूनला, म्हणजे तीनच दिवस आधी, मुंबई उच्च न्यायालयाने स्थगिती दिली. २९ जुलैला न्यायमूर्ती धर्माधिकारी आणि न्यायमूर्ती स्वप्ना जोशी यांच्या खंडपीठाने फाशी रद्द करून दोघांना ३५ वर्षांची कैद दिली. एकूण विलंब मोजला गेला तो १,५०९ दिवसांचा, म्हणजे चार वर्षं, एक महिना आणि काही दिवस. राज्य सरकार सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि ९ डिसेंबर २०२४ रोजी तिथेही हरलं.

ही बातमी आली तेव्हा मला कितीतरी जणांनी विचारलं, म्हणजे वकिलांनी तीन दिवस आधी पळवाट शोधली ना? पळवाट कोणी शोधली नाही. ते दोन वर्षांचं भगदाड सरकारी कपाटांत तयार झालं होतं. त्या मुलीच्या घरच्यांना जो निकाल ऐकावा लागला, त्याचं कारण कैद्याच्या वकिलाकडे नाही, त्या कपाटांत आहे. हे मी कैद्याची वकील म्हणून बोलत नाहीये. त्या कुटुंबालाही कोणीतरी हे नीट समजावून सांगायला हवं होतं असं मला मनापासून वाटतं.

कोल्हापूरच्या बालहत्याकांडातल्या दोन बहिणींचंही तसंच झालं. २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने फाशी कायम केली, राष्ट्रपतींचा नकार आला २०१४ मध्ये. मधला काळ सात वर्षं, दहा महिने आणि पंधरा दिवस. जानेवारी २०२२ मध्ये न्यायमूर्ती जामदार आणि न्यायमूर्ती कोतवाल यांनी शिक्षा जन्मठेपेवर आणली. निर्णयात अधिकाऱ्यांच्या ढिलाईवर स्पष्ट बोट ठेवलेलं आहे: संपर्काची वेगवान साधनं हाताशी असताना फाइल या टेबलावरून त्या टेबलावर जायला वर्षं लागली.

विलंब झाला म्हणून फाशी का रद्द व्हावी, हा प्रश्न रास्त आहे. १९८३ मध्ये वथीश्वरन प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने दोन वर्षांची मर्यादा सांगितली होती, ती टिकली नाही. १९८९ मध्ये त्रिवेणीबेन प्रकरणात घटनापीठाने सांगितलं की ठरावीक वर्षांचा आकडा नाही, पण अंतिम निकालानंतरचा अवास्तव विलंब कोर्ट पाहू शकतं. पुढे २१ जानेवारी २०१४ रोजी शत्रुघ्न चौहान प्रकरणात तेव्हाचे सरन्यायाधीश सदाशिवम यांच्या खंडपीठाने एकाच निकालात पंधरा जणांची फाशी जन्मठेपेत बदलली. त्यामागचा विचार साधा आहे. कोर्टाने माणसाला फाशी दिली. उद्या नेतील की परवा, या विचारात फाशी यार्डात आठ वर्षं काढायची शिक्षा कोणी दिली नव्हती. ती जादा शिक्षा सरकारने दिली, आणि तिला कायद्याचा आधार नाही. कैद्याने स्वतः अर्जांवर अर्ज करून लावलेला वेळ यात धरला जात नाही, हेही लक्षात घ्या. सरकारकडे किती दिवस पडून होतं, ते मोजलं जातं.

त्याच निकालात आणखी गोष्टी आल्या. दयेचा अर्ज फेटाळल्याचं कैद्याला लेखी कळवायचं, त्यानंतर फाशीपर्यंत किमान चौदा दिवस द्यायचे, घरच्यांना कळवायचं आणि शेवटची भेट होऊ द्यायची, कायदेविषयक मदत द्यायची, मानसिक स्थिती तपासायची. हे कुठून आलं ते सांगते. ९ फेब्रुवारी २०१३ रोजी अफझल गुरूला तिहारमध्ये फाशी दिली गेली, आणि घरच्यांना पाठवलेलं स्पीड पोस्ट काश्मीरमध्ये पोहोचलं दोन दिवसांनी. गुन्हा संसदेवरच्या हल्ल्याचा होता. तरीही बायको-मुलाला पत्र फाशीनंतर मिळणं हे कायद्याच्या राज्याला शोभणारं नव्हतं, आणि पुढच्याच वर्षी नियम झाला.

२०१५ मधलं शबनम प्रकरण आमच्या कामाच्या दृष्टीने तितकंच महत्त्वाचं. सर्वोच्च न्यायालयाने १५ मे रोजी अपील फेटाळलं आणि सत्र न्यायालयाने २१ मे रोजी, म्हणजे सहाव्या दिवशी, वॉरंट काढून टाकलं. फेरविचाराची मुदतही संपली नव्हती, दयेचा अर्ज तर दूरच. वॉरंटवर तारीखही घातलेली नव्हती. सर्वोच्च न्यायालयाने ती वॉरंटं रद्द केली आणि पद्धत घालून दिली: कैद्याला आधी नोटीस, त्याच्या वकिलासमोर सुनावणी, नेमकी तारीख आणि वेळ, मध्ये पुरेसे दिवस, वॉरंटची प्रत कैद्याच्या हातात. डिसेंबर २०२४ च्या पुणे प्रकरणाच्या निकालात या ‘पुरेशा दिवसांना’ पंधरा दिवसांचा आकडा मिळाला. दयेच्या अर्जांसाठी राज्यांच्या गृह किंवा कारागृह विभागात स्वतंत्र कक्ष असावा, हेही त्याच निकालातलं.

आता ती रात्र प्रत्यक्षात कशी असते ते सांगते, कारण बाहेरून ती फार वेगळी दिसते. माझ्या एका प्रकरणात दयेचा अर्ज फेटाळल्याचं कैद्याला वाचून दाखवलं, प्रत दिली नाही. घरच्यांना कळलं ते शेजारच्या बराकीतल्या एकाच्या भावाकडून. त्याचा फोन आला तो शुक्रवारी संध्याकाळी, कोर्ट उठल्यावर. पहिली अडचण वकालतनाम्याची. कैद्याची सही किंवा अंगठा हवा आणि त्यावर तुरुंग अधिकाऱ्याचा शिक्का. माझा ज्युनिअर रात्रभर प्रवास करून तुरुंगाच्या फाटकाशी सकाळी सातला उभा राहिला. शिक्का मारणारा साहेब अकरा वाजता आला. तोवर मी इकडे तारखांचा तक्ता करत होते. अशा याचिकेचा जीव त्या तक्त्यात असतो: अर्ज कधी दिला, तुरुंगाने कधी पुढे पाठवला, गृहखात्यात कधी पोहोचला, टिपणी कधी लिहिली, दिल्लीला कधी गेला, परत कधी आला. शनिवारी दुपारी निबंधकांना फोन केला, प्रेसिपी, म्हणजे तातडीने सुनावणी घ्या अशी लेखी विनंती, दिली, सरकारी वकिलांना प्रत दिली. संध्याकाळी न्यायमूर्तींच्या घरी सुनावणी झाली. वाद चालला जेमतेम वीस मिनिटं. मला एकच विचारलं गेलं: प्रत दिली का, आणि दिली असेल तर पोच कुठे आहे? सरकारी वकिलांनी तिथूनच अधीक्षकांना फोन लावला. पोच नव्हती. स्थगिती मिळाली ती त्या एका नसलेल्या कागदावर.

मी त्या रात्री गुन्ह्याबद्दल एक शब्द बोलले नाही. बोलले असते तर न्यायमूर्तींनी मला थांबवलंच असतं.

सगळ्याच रात्रींचा शेवट असा होत नाही. १९९३ च्या मुंबई बॉम्बस्फोटांतल्या याकूब मेमनच्या प्रकरणात क्युरेटिव्ह याचिका २१ जुलै २०१५ ला फेटाळली गेली, ताजा दयेचा अर्ज राष्ट्रपतींनी २९ जुलैच्या रात्री नाकारला, आणि फाशी ३० जुलैच्या सकाळी नागपूरला ठरलेली होती. वकिलांचं म्हणणं, या नकारापासून चौदा दिवस द्या. पहाटे तीन वाजून गेल्यावर सर्वोच्च न्यायालयाचं कोर्ट नंबर चार उघडलं, न्यायमूर्ती दीपक मिश्रा, प्रफुल्ल पंत आणि अमिताव रॉय बसले. पहाटे पाचच्या सुमारास याचिका फेटाळली गेली. कारण असं की पहिला दयेचा अर्ज २०१४ मध्येच नाकारला गेला होता आणि तेव्हापासून त्याला पुरेसा वेळ मिळाला होता; दुसरा अर्ज केला म्हणून घड्याळ नव्याने सुरू होत नाही. त्या निकालाशी असहमत असणारे बरेच जण आहेत. मला त्यातला कायद्याचा मुद्दा पटतो. पण पहाटे तीनला कोर्ट उघडलं हे बरोबरच झालं, याबद्दल माझ्या मनात कधी शंका आली नाही.

उलट बाजूचं उदाहरण नोएडातल्या निठारीच्या बालहत्यांचं आहे, आणि ते मी प्रत्येक तरुण वकिलाला सांगते. सप्टेंबर २०१४ मध्ये सुरेंद्र कोलीला मेरठच्या तुरुंगात फाशी द्यायची तयारी झाली होती. ८ सप्टेंबरला रात्री एकच्या सुमारास न्यायमूर्ती दत्तू आणि न्यायमूर्ती दवे यांनी स्थगिती दिली. आधार होता सहाच दिवसांपूर्वी आलेला तो खुल्या कोर्टातल्या फेरविचाराचा निकाल. सहा दिवस! पुढे फेरविचार याचिकाही फेटाळली गेली. मग जानेवारी २०१५ मध्ये अलाहाबाद उच्च न्यायालयाने दयेच्या अर्जातल्या विलंबामुळे फाशीची जन्मठेप केली. त्यानंतर २०२३ मध्ये त्याच उच्च न्यायालयाने निठारीच्या इतर बारा प्रकरणांत त्याला निर्दोष ठरवलं. कबुलीजबाब आणि जप्ती यांवर सगळं उभं होतं, आणि ते टिकलं नाही. एकच प्रकरण उरलं, ज्यात फाशी व्हायची होती ते. ११ नोव्हेंबर २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने त्यातली क्युरेटिव्ह याचिका मान्य केली आणि त्याला त्यातही निर्दोष सोडलं. त्या मुलांचे खरे मारेकरी कोण, हा प्रश्न त्यांच्या आईवडिलांसाठी तसाच राहिला, आणि ती वेदना मी कमी लेखत नाही. पण २०१४ च्या त्या रात्री एक वाजता कोणी फोन उचलला नसता तर, हा विचार मला आजही झोपू देत नाही.

आता वेळकाढूपणाबद्दल. तो होतो, आणि मी ते लपवणार नाही. दिल्लीतल्या १६ डिसेंबर २०१२ च्या निर्भया प्रकरणात चार वेळा तारीख पडली: २२ जानेवारी २०२०, १ फेब्रुवारी, ३ मार्च आणि शेवटी २० मार्च. एकाचा अर्ज संपला की दुसऱ्याचा, त्याचा संपला की तिसऱ्याचा. एकाच गुन्ह्यातल्या चौघांना वेगवेगळी फाशी देता येणार नाही असं ५ फेब्रुवारीला न्यायमूर्ती सुरेश कैत यांनी दिल्ली उच्च न्यायालयात ठरवलं आणि उरलेले उपाय सात दिवसांत वापरा असंही बजावलं. एकत्र फाशीचा आग्रह उगाच नाही. १९८१ मध्ये एकाच खटल्यातल्या तिघांपैकी एकाला फाशी झाली, दुसऱ्याची शिक्षा सर्वोच्च न्यायालयाने आधीच कमी केलेली होती, आणि तिसरा म्हणजे हरबन्स सिंग वेळेत कोर्टात आल्यामुळे वाचला. गुन्हा एक, दोष सारखा, आणि जीव गेला तो कोणाची याचिका कधी लागली यावर. ती चूक पुन्हा नको, म्हणून हा नियम.

पण त्या नियमाचा फायदा घेऊन अर्ज हातचे राखून ठेवायचे आणि एकेक करून सोडायचे, हे मला मान्य नाही. त्याने पीडितेच्या आईला चार वेळा तारखेची वाट पाहायला लावली जाते. त्याहून मोठं नुकसान पुढच्या कैद्याचं होतं, ज्याचा मुद्दा खरा असतो, पण न्यायमूर्तींनी फाइल उघडतानाच ‘पुन्हा तेच’ असं मनात धरलेलं असतं. त्याच आदेशात कैत यांनी दुसरीही गोष्ट नोंदवली: मे २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आल्यावर वॉरंटसाठी हालचाल करायची कोणाला सुचली नाही. म्हणजे अडीच वर्षं दोन्ही बाजू झोपल्या, आणि मग तीन महिन्यांत सगळ्यांनी धावपळ केली.

नव्या संहितेचं कलम ४७२ या प्रकरणाला उत्तर म्हणूनच आलं असावं असं माझं मत आहे. आता तुरुंग अधीक्षकाने कळवल्यापासून तीस दिवसांत दयेचा अर्ज, राज्यपालांनी नाकारल्यावर साठ दिवसांत राष्ट्रपतींकडे, एका प्रकरणातल्या सगळ्या कैद्यांनी ठरलेल्या मुदतीतच अर्ज करायचे, केंद्र सरकारने राज्याचा अभिप्राय आल्यापासून साठ दिवसांत शिफारस करायची. हे सगळं चांगलं आहे. पण केंद्राच्या शिफारशीला मुदत आहे आणि राष्ट्रपतींच्या निर्णयाला नाही, म्हणजे विलंबाचा मुद्दा मेलेला नाही. त्याच कलमात पुढे म्हटलंय की राष्ट्रपती किंवा राज्यपाल त्या निर्णयाला कसे पोहोचले, हे कोणत्याही कोर्टाने तपासायचं नाही. यावरून काही जणांनी उच्च न्यायालयाचं दार आता बंद झालं असं लिहिलं. मला ते पटत नाही. कलम २२६ आणि ३२ घटनेत आहेत, आणि न्यायिक पुनर्विलोकन, म्हणजे सरकारचे निर्णय तपासायचा कोर्टाचा अधिकार, घटनेच्या मूळ चौकटीचा भाग आहे असं १९९७ मध्ये चंद्रकुमार प्रकरणात सात न्यायमूर्तींनी सांगून ठेवलंय. साध्या कायद्याने ते काढून घेता येत नाही.

प्रत्यर्पणाकडे येते. तिथे मृत्यू नसतो, पण एका बाबतीत गोष्ट तीच: नंतर दुरुस्त करता येत नाही. माणूस एकदा दुसऱ्या देशाच्या ताब्यात गेला की इथल्या कोर्टाचा आदेश त्याला परत आणू शकत नाही. ५ ऑक्टोबर २०१२ रोजी लंडनच्या उच्च न्यायालयाने दहशतवादाचे आरोप असलेल्या अबू हमझा आणि इतर चौघांचे शेवटचे अर्ज फेटाळले आणि त्याच रात्री त्यांना अमेरिकेला नेणारी विमानं उडाली. त्या काही तासांत जे व्हायचं ते होतं, नंतर काही उरत नाही.

भारतातून कोणाला बाहेर पाठवायचं असेल तर १९६२ चा प्रत्यर्पण कायदा लागू होतो. दंडाधिकारी चौकशी करतो, बहुधा दिल्लीत, आणि प्रथमदर्शनी पुरावा दिसला तर केंद्र सरकारला अहवाल पाठवतो. या कायद्यात दंडाधिकाऱ्याच्या आदेशावर अपीलच नाही. म्हणून लोक रिट घेऊन उच्च न्यायालयात जातात, आणि ती जाते तेव्हा बहुधा त्याला त्या देशाच्या हवाली करण्याचा केंद्राचा आदेश निघालेला असतो. फारसं कोणी वाचत नाही असं एक कलम आहे, चोवीसावं: कैदेत पाठवल्यापासून दोन महिन्यांत माणसाला देशाबाहेर नेलं नाही, तर तो सरकारला रीतसर नोटीस देऊन उच्च न्यायालयात सुटकेसाठी अर्ज करू शकतो. सरकारला सबळ कारण दाखवावं लागतं. मी पाहिलेल्या एका प्रकरणात आधीच्या वकिलाने हे कलम कधी उघडलंच नव्हतं.

बाहेरून भारतात आणायचं असतं तेव्हा लढाई परक्या कोर्टात होते आणि मुद्दे वेगळे असतात. ब्रिटनमध्ये गृहमंत्र्यांच्या आदेशानंतर चौदा दिवसांत उच्च न्यायालयात परवानगी मागावी लागते. तिथे वाद रंगतो तुरुंगाच्या अवस्थेवर आणि आरोपीच्या तब्येतीवर. नीरव मोदीच्या अपिलात आर्थर रोड तुरुंगाच्या बराक नंबर बारावर चर्चा झाली, आत्महत्येचा धोका किती आणि तिथे मानसोपचार कसा मिळेल यावर तज्ज्ञांच्या साक्षी झाल्या. ९ नोव्हेंबर २०२२ रोजी अपील फेटाळलं गेलं, भारत सरकारने दिलेल्या हमीवर विश्वास ठेवून. डिसेंबरात वरच्या कोर्टात जायची परवानगीही नाकारली गेली. तरी तो लगेच आला नाही, कारण तिथे प्रत्यर्पणाचा निकाल झाल्यावरही इतर कायदेशीर मार्ग शिल्लक राहू शकतात. विजय मल्ल्याच्या बाबतीत मे २०२० पासून हेच चाललं.

अमेरिकेत प्रत्यर्पणाच्या प्रमाणपत्रावर सरळ अपील नसतं, हेबियस कॉर्पस, म्हणजे आपली कैद बेकायदा आहे असं सांगणारी याचिका, करावी लागते. २६/११ च्या मुंबई हल्ल्यातला आरोपी तहव्वूर राणाने ते सगळं केलं. २१ जानेवारी २०२५ ला तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने त्याची याचिका घेतली नाही. मग तातडीचा अर्ज न्यायमूर्ती केगन यांच्याकडे, तो नाकारल्यावर तोच अर्ज सरन्यायाधीश रॉबर्ट्स यांच्याकडे. भारतात छळ होईल, आजारपण गंभीर आहे, हे मुद्दे. ७ एप्रिलला शेवटचा नकार आला आणि १० एप्रिलला विमान दिल्लीत उतरलं. तिथल्या पद्धतीत एका न्यायमूर्तीने नाकारलेला अर्ज दुसऱ्याकडे पुन्हा देता येतो, म्हणून तो दिला गेला. वकिलाने ते केलं नसतं तर त्याने कामात कसूर केली असती.

आपल्याकडे हमीचं वजन किती असतं, हे १९९३ च्या मुंबई बॉम्बस्फोटांतल्या अबू सालेमवरून दिसतं. पोर्तुगालने त्याला २००५ मध्ये दिलं ते तत्कालीन उपपंतप्रधान अडवाणींच्या २००२ मधल्या लेखी हमीवर: फाशी नाही, आणि पंचवीस वर्षांहून जास्त कैद नाही. मुंबईच्या टाडा (दहशतवादविरोधी कायद्याच्या) कोर्टाने जन्मठेप दिली. जुलै २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की पंचवीस वर्षं भरल्यावर सरकारला तो शब्द पाळावा लागेल. अनेकांना राग आला. पण आज तो शब्द मोडला तर उद्या लंडनचं किंवा लिस्बनचं कोर्ट आपल्या हमीवर विश्वास का ठेवेल? पुढचा आरोपी तिथेच सुटेल.

शेवटी, ज्यांच्या घरातला माणूस या टप्प्यावर आहे त्यांच्यासाठी. सर्वोच्च न्यायालयातला निकाल लागला त्या दिवसापासून वही घाला. प्रत्येक अर्जाची प्रत, प्रत्येक पत्राची तारीख, तुरुंगातल्या प्रत्येक भेटीत माणूस कसा दिसला, काय बोलला. त्याला एकट्या कोठडीत ठेवलंय का ते विचारा. तो विसरायला लागला असेल, स्वतःशी बोलत असेल, तर तुरुंगाच्या डॉक्टरांच्या नोंदी माहितीच्या अधिकारात मागा. २०१९ मध्ये महाराष्ट्रातल्याच एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने शिक्षेनंतर जडलेल्या गंभीर मानसिक आजारामुळे फाशी काढून टाकली, ती अशाच नोंदींवरून. दयेचा अर्ज एकदाच आणि पूर्ण करा, कागद जोडून. चांगला मुद्दा पुढच्या अर्जासाठी राखून ठेवू नका. पैसे नसतील तर उच्च न्यायालयाच्या विधी सेवा समितीकडे जा, तिथे या प्रकरणांसाठी वकील मिळतो.

आणि स्थगिती मिळालीच, तर आदेशावर विसंबून घरी जाऊ नका. २०२२ पासून सर्वोच्च न्यायालयाचे आदेश ‘फास्टर’ या ऑनलाइन यंत्रणेतून थेट तुरुंगात जातात, पण उच्च न्यायालयाचा आदेश पोहोचवायला बऱ्याचदा माणूसच धावतो. आदेशात ‘प्रमाणित प्रतीवर कार्यवाही करावी’ हे वाक्य मागून घ्या, हमदस्त, म्हणजे आदेशाची प्रत स्वतःच्या हाती नेण्याची परवानगी, घ्या, सरकारी वकिलांना तिथूनच तुरुंगाला फोन करायला सांगा. मग स्वतः फोन करा. आदेश कोणी घेतला त्याचं नाव आणि वेळ लिहून ठेवा, आणि अर्ध्या तासाने पुन्हा फोन करून अधीक्षकांनी तो वाचला का ते विचारा.